राहता पत्ता

“पाच घरं आहेत तुमची,” बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, “पण तुम्ही राहता कुठं?”

“पाथर्डी फाट्याला,” ह्यांनी लगेच सांगितलं.

“आधार कार्डावर इंदिरानगर आहे.”

“तो आमचा दुसरा फ्लॅट. तिथं भाडेकरू आहे.”

“मतदान कार्डावर सिडको.”

“तो पहिला. तिथंही भाडेकरू.”

“आणि गॅसचं पुस्तक नाशिकरोडचं.”

“तो गिरणीवरचा. तो सध्या रिकामा आहे.” ‘रिकामा’ म्हणताना ह्यांचा चेहरा घरात कोणी आजारी असावं तसा झाला.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या माझ्याकडे वळल्या. “अर्जदार तुम्ही आहात ना? घरं तुमच्या नावावर आहेत. आमचा माणूस काल इंदिरानगरला जाऊन आला. तिथली मुलगी म्हणाली, खैरनार घरमालक आहेत, पण राहतात कुठं ते ठाऊक नाही. वॉचमन म्हणाला, ते लोक सारखे हलत असतात. आता फाइलवर मी काय लिहू?”

मला हसू आलं. ह्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, म्हणून मी ते गिळलं.

आमच्या ह्यांचा हिशेब ऐकायला सोपा होता. पहिल्या फ्लॅटच्या भाड्यात दुसऱ्याचा हप्ता, दुसऱ्याच्या भाड्यात तिसऱ्याचा. किमती वाढल्या की जुन्या फ्लॅटवर वाढीव कर्ज उचलायचं आणि त्यातून पुढच्याची सुरुवातीची रक्कम भरायची. बाईच्या नावावर घेतलं की व्याज जरासं कमी पडतं, म्हणून सगळे फ्लॅट माझ्या नावावर. सातपूरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या माणसानं पाच फ्लॅट उभे केले ते असे. माझी बहीण म्हणायची, “ताई, तू तर जमीनदारीण झालीस.” तिला आतली गोष्ट ठाऊक नव्हती. ह्या साखळीतला एक जरी फ्लॅट रिकामा राहिला तरी कुठला तरी हप्ता अडायचा. म्हणून ज्या फ्लॅटला भाडेकरू मिळत नसे, त्यात आम्ही जाऊन राहायचो, आणि बाहेर जे भाडं भरलं असतं ते वाचवायचो. चांगल्या घराला गिऱ्हाईक मिळतंच. त्यामुळे आमच्या वाट्याला कायम इतरांना नको असलेलं घर. एकदा नाल्याकडे खिडक्या असलेलं, एकदा लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत सगळ्यात वरचं, आणि दोनदा नाशिकरोडचं, पिठाच्या गिरणीवरचं. त्याला भाडेकरू मिळाला की आम्ही पुढच्या घरात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान हप्ते नसतात.

मी ब्लाउज शिवते. ब्लाउज शिवणाऱ्या बाईनं आणि डॉक्टरनं पत्ता बदलायचा नसतो. बाया एकदा मापाला आल्या, हात बसला, की वर्षानुवर्षं येतात. पण त्यांना मी सापडले तर पाहिजे! प्रत्येक घर सोडताना मी माझी गिऱ्हाइकं मागं टाकून आले. गिरणीवर तर विचारूच नका. खाली चक्की सुरू झाली की वर माझ्या मशीनची सुई थरथरायची आणि काळ्या कापडावर पीठ बसायचं. एका बाईंनी लग्नात घालायचा ब्लाउज माझ्यासमोर झटकला आणि विचारलं, “हेमाताई, हा शिवलात की लाटलात?”

पाथर्डी फाट्याचा हा पाचवा फ्लॅट आम्हाला मिळाला तोसुद्धा पाण्याची बोंब होती म्हणून. टँकरच्या घरात कोण भाड्यानं येणार? पण आम्ही राहायला गेलो आणि चार-सहा महिन्यांत महापालिकेचं पाणी आलं. बाहेरच्या खोलीत पूर्वेची खिडकी होती. दुपारपर्यंत दिवा न लावता काज शिवता यायचं. समोरच्या बच्छाव काकूंनी स्वतःचा एक ब्लाउज शिवून घेतला आणि मग सगळी सोसायटीच माझ्या दारात आणून उभी केली. मृणाल, आमची मुलगी, नववीत होती. तिला आयुष्यात पहिल्यांदा खालच्या मजल्यावर मैत्रीण मिळाली होती. मी ह्यांना सांगून टाकलं होतं, “आता मी इथून हलणार नाही.”

“एकच वर्ष, हेमा,” हे म्हणाले होते. “सहावा झाला की बस.”

तिसऱ्याच्या वेळीही ‘तिसरा झाला की बस’ होतं आणि चौथ्याच्या वेळीही. सहावा गंगापूर रोडच्या बाजूला, नव्या स्कीममध्ये. टोकन देऊन झालं होतं आणि शनिवारपर्यंत कर्जाचं पत्र दाखवलं नाही तर बिल्डर भाव वाढवणार होता. त्याच्या हप्त्यासाठी पाथर्डीचा फ्लॅट एका कंपनीच्या इंजिनियरला द्यायचा होता, आता पाणी आलंय ना! आणि आम्ही? आम्ही पुन्हा गिरणीवर.

“उद्या आमचा माणूस पाथर्डीला पाठवते,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “पण घर राहतं दिसलं पाहिजे. दारावर नाव हवं, शेजाऱ्यांनी ओळखलं पाहिजे. नाही तर फाइल परत जाईल.”

आम्ही स्कूटरवरून घरी निघालो. गरवारे पॉइंटच्या सिग्नलला थांबलो तेव्हा हे मान न वळवता म्हणाले, “दारावर नाव लागेल.”

आमच्या कुठल्याच दारावर कधी नाव नव्हतं. भिंतीत खिळा ठोकायचा नाही हा ह्यांचा कायदा. खिळा ठोकला की भोक पडतं, भोक पडलं की भाडेकरू रंग मागतो. त्यामुळे आमचं कॅलेंडर दाराच्या कडीला लटकलेलं असायचं, देव ओट्याच्या कोपऱ्यात, आणि सासूबाईंचा हार घातलेला फोटो फ्रिजवर टेकवलेला. फ्रिजचं दार जोरात लावलं की सासूबाई पालथ्या पडायच्या. निम्मी खोकी तर मी उघडतही नसे.

त्या संध्याकाळी हे बच्छाव काकूंकडून हातोडी घेऊन आले. रेडियमवाल्याकडून पाटी करून आणली होती, ‘हेमलता प्रभाकर खैरनार’. ती दारावर ठोकली. मग कॅलेंडर आलं, घड्याळ आलं, देवांची फळी आली. मृणालला इतका आनंद झाला की ती शाळेतली प्रमाणपत्रंही घेऊन आली. हे म्हणाले, “तेवढं नको,” आणि तिचं तोंड बघून तीही लावली. शेवटी सासूबाईंचा फोटो हातात घेऊन स्टुलावर उभे राहिले.

“आजीला पहिल्यांदा भिंत मिळाली,” मृणाल म्हणाली.

हे स्टुलावरून तसेच आमच्याकडे बघत राहिले. मग फोटो लावला आणि उतरता उतरता पुटपुटले, “उद्या काढून पुट्टी भरता येईल.”

मी खोलीकडे बघत होते. खोकी आत ढकलली होती, मशीनवर खिडकीतला उजेड होता, भिंतीवर आमची माणसं होती. इतकं साधं असतं हे, मला वाटलं, आणि ह्यासाठी मी इतकी वर्षं तरसले? मला संताप आला. ह्यांचा आला, बँकेचा आला, आणि बँकेच्या माणसासाठी का होईना घर सजलं म्हणून आनंद झाला त्याचाही आला.

बँकेचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला. शेलार नावाचा, घामानं निथळणारा, चांगला माणूस होता. पाणी प्यायला, पाटी बघितली, फोटो बघितला आणि फॉर्म काढला.

“किती दिवस राहता इथं, ताई?”

“वर्ष होत आलं.”

“त्याआधी?”

“गिरणीवर. म्हणजे नाशिकरोडला.”

“आणि त्याआधी?”

मी सांगत गेले. चौथ्या पत्त्याला शेलार थांबले आणि म्हणाले, “ताई, फॉर्मवर तीनच ओळी आहेत.”

ह्यांनी रजा काढली होती. ते मध्ये पडून म्हणाले, “आधीचं राहू द्या हो. आता इथंच आहोत.”

शेलारांनी समोरची बेल वाजवली. बच्छाव काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. “ह्या इथं राहतात का?” असं त्यांनी विचारताच काकू भडकल्या.

“राहतात का म्हणजे? मग दुसरं कोण राहतं? अख्ख्या बिल्डिंगचे ब्लाउज ही शिवते. माझ्या सुनेच्या डोहाळजेवणाचा हिच्याकडं पडलाय.”

“तसं नाही काकू. कायमच्या आहेत ना, एवढंच विचारायचं होतं.”

“हो, कायमच्या. जाऊन बघू दे हिला कुठं. मी जाऊ देईन का?”

शेलार हसले आणि फॉर्मवर खूण केली. ह्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मी आत जाऊन नळ सोडला आणि उगाच भांडी घासत बसले. काकूंना अजून मी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यासमोर टेंपोत सामान कसं चढवणार होते मी?

त्याच दिवशी चार वाजता इंजिनियरची बायको घर बघायला आली. पल्लवी तिचं नाव. तिशीतली, तरतरीत, स्वभावानं मोकळी. तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आल्या आल्या म्हणाली, “अय्या, किती छान लावलंय घर! काका, हे खिळे राहू द्या हं, आम्हालाही फोटो लावायचेत.”

“राहू दे की,” हे म्हणाले. एका दिवसात ह्यांचं खिळ्यांबद्दलचं मत बदललं होतं.

ती स्वयंपाकघर बघून आली, नळ सोडून बघितला, मग बाहेरच्या खोलीत खिडकीशी उभी राहिली. “इथं आमचा दिवाण बसेल. उजेड मस्त आहे.” माझ्या मशीनवर हात ठेवून तिनं मला विचारलं, “मावशी, हे इथून जाईल ना?”

“नाही,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“मशीन इथंच राहील. मीही इथंच राहीन. हे घर भाड्यानं द्यायचं नाही.”

ती गोंधळून ह्यांच्याकडे बघायला लागली. “पण काकांनी तर आमच्याकडून पैसे घेतलेत.”

“काका देतील परत. घर माझ्या नावावर आहे. बाहेर पाटी आहे बघ.”

हे उभेच राहिले. परक्या मुलीसमोर माझ्यावर चिडता येईना म्हणून आधी हसले, मग त्यांनी पाकीट काढलं, मग ते परत खिशात ठेवलं. शेवटी म्हणाले, “ताई, उद्या फोन करतो तुम्हाला.” ती गेली. जाताना दार तिनंच ओढून घेतलं.

मग हे बोलले. इतकी वर्षं हा माणूस माझ्यावर ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला.

“कळतंय का काय केलंस? ह्या भाड्यावर सहाव्याचा हप्ता होता! टोकन बुडेल. गिरणीवरचा रिकामा पडलाय, त्याचा हप्ता कोण भरणार? सगळी साखळी तुटेल, हेमा!”

“तुटू दे. एक ना धड भाराभर चिंध्या. मी चिंध्यांतच जन्म काढलाय, मला सांगू नका.”

“कुणासाठी करतोय मी हे?”

“तेच विचारते. कुणासाठी? पाच घरं आहेत आणि माझ्या पोरीला शाळेत पत्ता लिहायला सांगितला की ती मला विचारते, आई, ह्या वर्षी कुठला लिहू? सहा झाली की काय होणार आहे? सात होतील. तुम्हाला घर नको आहे. तुम्हाला फक्त घेत राहायचंय.”

हे माझ्या मशीनच्या स्टुलावर बसले. मला वाटलं, आता उठून जातील. पण बसून राहिले, आणि बोलले ते खाली फरशीकडे बघत.

“धरणावरच्या कॉलनीत आमचं घर होतं. तुला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. क्वार्टर होतं.”

“तुला ठाऊक आहे. मला नव्हतं ठाऊक. मी त्याला आमचंच समजायचो. आईनं अंगणात लिंबाचं झाड लावलं होतं. दारामागं माझी उंची कोळशानं लिहिलेली होती. सरकारी आहे, नोकरीचं आहे, असं मला कोणी सांगितलंच नव्हतं गं. पोराला काय सांगायचं, असं वाटलं असेल. वडील वारले. मग काही दिवसांनी एक दिवस शाळेतून आलो तर सामान ट्रॅक्टरवर चढवत होते. मी आईला म्हणालो, आपल्या घरातून का काढतायत? ती म्हणाली, आपलं नव्हतं बाळा ते.”

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनीही नाही.

“ज्या घराची सवय लागते ना, तेच जातं,” हे म्हणाले. “म्हणून लावून घ्यायची नाही. एक गेलं तर दुसरं असलं पाहिजे. दुसरं गेलं तर तिसरं.”

माझे डोळे भरून आले होते. तरीही मी मागं हटले नाही, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. मी म्हणाले, “अहो, मग तुमच्या मुलीचंही तेच केलंत की तुम्ही. तिला तर दर वर्षी ट्रॅक्टर.”

पण माणूस काही एका वाक्यानं बदलत नाही. शनिवारी सहावा फ्लॅट गेला, अर्धं टोकन बुडालं. पल्लवीचे पैसे परत केले. आणि रविवारी सकाळी ह्यांनी एक गादी गुंडाळली, स्टोव्ह घेतला, चार कपडे घेतले.

“कुठं?” मी विचारलं.

“गिरणीवर. घर रिकामं ठेवायचं नाही. लोक बघायला आले तर कोणी तरी असलं पाहिजे ना दार उघडायला.”

भांडण नाही, रुसवा नाही. जणू ड्यूटीवर निघाले होते. मीही अडवलं नाही. मला वाटलं, चार दिवसांत पिठानं खोकला झाला की येतील.

ते सगळा उन्हाळा तिथं राहिले. कारखाना सुटला की संध्याकाळी इकडं जेवायला यायचे. किल्ली खिशात असायची, तरी बेल वाजवायचे. हात-पाय धुवायचे, मृणालची गणितं बघायचे, भाकरी छान झाली म्हणायचे, पाहुण्यानं म्हणावं तसं. मग स्कूटरला किक मारून नाशिकरोडला. त्यांच्या भुवयांवर पीठ असायचं. बच्छाव काकूंनी एकदा मला हळूच विचारलं, “काही बिनसलंय का गं?” मी म्हणाले, “नाही, ते राखणीला आहेत.” काकूंना त्यातून काय समजलं देव जाणे. मला मात्र रोज नऊ वाजता, ती स्कूटर कोपऱ्यावरून वळली की घरात बसवत नसे. मला माझं घर मिळालं होतं, आणि ते मिळूनही मी ह्या खिडकीतून त्या खिडकीत फेऱ्या मारत होते.

आषाढात एका संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर हे, आणि स्कूटरवर दोरीनं बांधलेली गादी, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली.

“गिरणीवर भाडेकरू मिळाला,” हे म्हणाले.

“कोण?”

“आहे एक. एकटाच आहे. कंपनीतला.” आणि बूट काढायला खाली वाकले.

मी गादी आत घेतली. ती झटकायला गच्चीत नेली तेव्हा एवढं पीठ उडालं की मला ठसका लागला, आणि ठसक्याच्या आडून मी रडून घेतलं. त्या दिवसापासून हे घरीच राहिले. एक मात्र झालं. ते रविवारीही कारखान्यात जायला लागले. ओव्हरटाइम निघालाय म्हणाले. मी म्हटलं, निघाला असेल.

दिवाळीच्या आधी अस्तराचं कापड आणायला मी नाशिकरोडला गेले होते. वाटेत गिरणी लागली. गिरणीवाले सोमनाथ चौधरी मला बघून बाहेर आले.

“वहिनी, बरं झालं दिसलात. साहेब गेल्यापासून वर कुलूपच आहे. माझा साडू जागा शोधतोय, पाठवू का? का कोणाला द्यायचीच नाही?”

“साहेब गेल्यापासून?” मी विचारलं.

“हो ना. एक माणूस नाही आलं बघायला.”

मी वर बघितलं. खिडक्या बंद होत्या, गजांवर पिठाचा थर होता. ज्या माणसानं उभ्या जन्मात आपणहून एक खोली रिकामी ठेवली नाही, त्यानं अख्खा फ्लॅट रिकामा टाकला होता, दर रविवारी राबून त्याचा हप्ता भरत होता, आणि बायकोकडं राहायला यायचं म्हणून तिच्याशी खोटं बोलला होता. मी चौधरींना म्हटलं, “साडूंना पाठवा. पण साहेबांना थेट फोन करायला सांगा. मी भेटले होते असं म्हणू नका.”

घरी आले तेव्हा हे खिडकीशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते.

“मिळालं अस्तर?”

“मिळालं.”

पेपर जरासा खाली आला. “गिरणीवरून आलीस का?”

“नाही,” मी म्हणाले. “आज दुसऱ्या रस्त्यानं आले.”